जॉर्ज हेवेशी : खुणेचा अणू शोधणारा शास्त्रज्ञ

दारूच्या व्यसनाने मेंदूत होणारा बदल आज स्कॅनमध्ये दिसतो. त्याचं मूळ आहे एका फसलेल्या प्रयोगात!

जॉर्ज हेवेशी यांचा जन्म १ ऑगस्ट १८८५ रोजी बुडापेस्ट येथे झाला. मँचेस्टरला रुदरफर्ड यांनी त्यांना शिशातून किरणोत्सारी ‘रेडियम-डी’ वेगळं करायला सांगितलं. खूप खटपट केली, पण ते काही वेगळं होईना. मग हेवेशींनी उलटा विचार केला : वेगळं होत नाही ना, तर हीच शिशाची खूण! १९२३ मध्ये रोपाच्या मुळांतून शिसं कुठवर चढतं, ते त्यांनी असंच शोधलं. त्यांना रसायनशास्त्राचं १९४३ चं नोबेल मिळालं. १९६६ मध्ये त्यांचं निधन झालं.

पेट स्कॅनमध्ये हीच युक्ती आहे. खूण लावलेला पदार्थ मेंदूत डोपामाइनचे संदेश टिपणाऱ्या रिसेप्टरना चिकटतो. दीर्घकाळ दारूच्या आहारी गेलेल्यांत हे रिसेप्टर सरासरीने कमी आढळले. म्हणजे नुसतं ‘मन घट्ट कर’ म्हणून भागत नाही, उपचार लागतात.

वर्गातल्या एखाद्या मुलाचे वडील पीत असतील, तर त्याला जवळ घेऊन एवढं जरूर सांगा : बाळा, हा आजार आहे, यात तुझा काहीच दोष नाही.