ताराबाई शिंदे

ताराबाई शिंदे (इ.स. १८५० – इ.स. १९१०) या १९व्या शतकातील मराठी लेखिका होत्या. इ.स. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेला 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध हे त्यांचे एकमेव उपलब्ध लेखन होय. स्त्रीवादी विचारांचे भारतातील आरंभीचे पुस्तक म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

जीवन

ताराबाईंचा जन्म वऱ्हाडातील बुलढाणा येथे मराठा कुटुंबात झाला. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे सरकारी कचेरीत कारकून होते व पुढे सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. बुलढाण्यात त्या काळी मुलींची शाळा नव्हती. त्यामुळे वडिलांनीच त्यांना मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. विवाहानंतर पती घरजावई म्हणून राहिल्याने ताराबाईंचे वास्तव्य माहेरीच होते. सासुरवासाचा जाच टळल्यामुळे त्यांना त्या काळातील इतर स्त्रियांच्या मानाने बरेच स्वातंत्र्य लाभले. त्यांना अपत्य नव्हते.

स्त्री-पुरुष तुलना

इ.स. १८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला, लोकलज्जेस्तव आपल्या नवजात अर्भकाची हत्या केल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती बदलून जन्मठेप काळ्या पाण्याची करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने 'पुणे वैभव' या सनातनी वृत्तपत्राने समस्त स्त्रीजातीवर दोषारोप केले. ताराबाईंचा निबंध हे त्यालाच दिलेले उत्तर होते. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती छापल्या गेल्या. किंमत ९ आणे होती.

साहस, कपट, चंचलपणा असे जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जात, ते एकेक घेऊन पुरुषांत ते किती अधिक आहेत हे ताराबाई दाखवतात. विधुराला पुनर्विवाहाची मोकळीक आणि विधवेला बंदी, हा न्याय कोणी ठरवला, असा त्यांचा मूळ प्रश्न आहे. पातिव्रत्य सांगणारे धर्मग्रंथ, स्त्रियांची विकृत चित्रे रंगवणारी नाटके-कादंबऱ्या आणि नुसती भाषणे ठोकणारे सुधारक, या साऱ्यांवर त्या कठोर टीका करतात. त्यांची भाषा घरगुती बोलीची, उपरोधिक आणि ठिकठिकाणी तिखट आहे. आजच्या वाचकालाही तिचा धक्का बसतो. तत्कालीन सुधारकांचे बहुतेक लक्ष उच्चवर्णीय विधवांवर असताना ताराबाईंनी वैधव्यापुरते न थांबता विवाहित स्त्रीच्या दैनंदिन दास्यालाही हात घातला. निबंधाचे वेगळेपण मुख्यतः येथे आहे.

पुस्तकावर प्रखर टीका झाली, तीही काही सत्यशोधकांकडून. महात्मा फुले यांनी मात्र इ.स. १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू उचलून धरली. त्यानंतर ताराबाईंनी पुन्हा काही प्रकाशित केल्याचे आढळत नाही.

पुढे हा निबंध जवळजवळ विस्मृतीत गेला. इ.स. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो संपादित करून पुन्हा प्रसिद्ध केला. रोझालिंड ओ'हॅनलन यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद इ.स. १९९४ मध्ये प्रकाशित झाला.