जिब्राल्टरच्या धावपट्टीवरून

जिब्राल्टरचा विमानतळ म्हणजे थेट समुद्रात शिरलेली एक धावपट्टी. उत्तरेला लागूनच स्पेनची हद्द, दक्षिणेला सरळसोट कडा. ४ जुलै १९४३ च्या रात्री अकरानंतर येथून उडालेले एक लिबरेटर विमान अवघ्या सोळा सेकंदांत समुद्रात कोसळले. पोलंडच्या विजनवासी सरकारचे पंतप्रधान आणि सरसेनापती जनरल व्लादिस्लाव सिकोर्स्की त्यात मृत्युमुखी पडले. वाचला तो एकटा वैमानिक.

१८८१ मध्ये ते जन्मले तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. ऑस्ट्रियाच्या अमलाखालील मुलखात वाढलेल्या या अभियंत्याने सैनिकी पेशा पत्करला. १९२० मध्ये वॉर्साच्या लढाईत त्यांच्या पाचव्या सेनेने रशियाच्या लाल सेनेला मागे रेटले. १९२२-२३ मध्ये ते पंतप्रधान झाले. पण १९२६ मध्ये पिल्सुडस्कींनी सत्ता बळकावल्यानंतर ते अडगळीत पडले. १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांनी पोलंड वाटून घेतला, तेव्हा देशाला त्यांची पुन्हा आठवण झाली. आधी पॅरिस, मग लंडन येथून त्यांनी सरकार चालविले.

स्टालिनशी जुलै १९४१ मध्ये केलेला करार हा त्यांचा सर्वांत वादग्रस्त निर्णय. सीमांचा प्रश्न अनिर्णित ठेवल्याबद्दल सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. मात्र त्याच करारामुळे सैबेरिया व मध्य आशियात डांबलेले हजारो पोलिश सुटले. अशा निर्वासितांपैकी सुमारे पाच हजार जणांना, प्रामुख्याने स्त्रिया व मुलांना, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आसरा मिळाला. सिकोर्स्कींचे हे ऋण महाराष्ट्रात फारसे कुणाला ठाऊक नाही.

कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांच्या सामूहिक कबरी सापडल्याचे एप्रिल १९४३ मध्ये जाहीर झाले. सिकोर्स्की सरकारने रेडक्रॉसकडे चौकशी मागताच स्टालिनने संबंध तोडले. दोस्तांनाही हा आग्रह अडचणीचा होता. हत्याकांडाची कबुली मॉस्कोने दिली ती थेट १९९० मध्ये.

त्यामुळे अपघाताभोवती संशयाचे जाळे विणले जाणे अटळ होते. विमानाची नियंत्रणे अडकली, घातपात नव्हे, असे ब्रिटिश चौकशीने ठरविले; ती का अडकली, हे मात्र सांगता आले नाही. १९९३ मध्ये इंग्लंडमधील नेवार्क येथून त्यांचे अवशेष क्राकूवच्या वावेल येथे नेण्यात आले आणि २००८ मध्ये पुन्हा तपासले गेले. जखमा अपघाताशी जुळणाऱ्या निघाल्या. सोबत प्रवास करणारी त्यांची मुलगी झोफिया हिचा देह समुद्राने कधीच परत केला नाही.