विश्लेषण : विमानांची टक्कर टाळणारी यंत्रणा खोटा इशारा का देते? रडारचे जनक वॉटसन-वॅट यांनाही पडलेला प्रश्न

नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंहजी विमानतळावरून उडालेले विमान असो किंवा लातूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडून मुंबईहून हैदराबादला जाणारे असो, आजच्या मोठ्या प्रवासी विमानांत ‘टीकॅस’ ही टक्कररोधक यंत्रणा असते. दुसरे विमान धोकादायकरीत्या जवळ येऊ लागले, की ती वैमानिकाला वर चढण्याचा किंवा खाली उतरण्याचा आदेश देते. मात्र काही वेळा प्रत्यक्षात धोका नसतानाही हा आदेश येतो. खोट्या इशाऱ्याचा हा प्रश्न रडारइतकाच जुना आहे. ब्रिटिश रडारचे जनक सर रॉबर्ट वॉटसन-वॅट यांच्या आयुष्यात तो 1939 मध्येच उभा राहिला होता.

कोण होते वॉटसन-वॅट?

वॉटसन-वॅट यांचा जन्म 13 एप्रिल 1892 रोजी स्कॉटलंडमधील ब्रेचिन येथे झाला. वडील सुतारकाम करत. डंडी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन 1915 मध्ये ते ब्रिटनच्या हवामान खात्यात रुजू झाले. वैमानिकांना वादळाची आगाऊ सूचना देणे, हे त्यांचे काम. वीज पडली की रेडिओवर खरखर ऐकू येते. ही खरखर कोणत्या दिशेने आली हे दोन ठिकाणांहून मोजले, तर वादळ नेमके कुठे आहे ते कळते. 1920 च्या दशकात त्यांनी ही दिशा कॅथोड-रे नळीच्या पडद्यावर दाखवली.

रडार कसे तयार झाले?

रेडिओ लहरींच्या माऱ्याने शत्रूला निकामी करता येईल का, अशी विचारणा 1935 मध्ये सरकारने त्यांच्याकडे केली. सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांनी आकडेमोड केली. मारा शक्य नव्हता. पण विमानावर आपटून परतणारी लहर पकडता येण्यासारखी होती. 26 फेब्रुवारी 1935 रोजी डेव्हेंट्रीजवळ बीबीसीच्या प्रक्षेपण केंद्राच्या लहरी वापरून सुमारे 13 किलोमीटरवरील विमान टिपण्यात आले. त्यानंतर ब्रिटनच्या किनाऱ्यावर ‘चेन होम’ रडार केंद्रांची साखळी उभी राहिली.

खोट्या इशाऱ्याने काय घडले?

दुसरे महायुद्ध सुरू होऊन तीनच दिवस झाले होते. 6 सप्टेंबर 1939 रोजी शत्रूची विमाने येत असल्याची सूचना मिळाली आणि ब्रिटिश लढाऊ विमाने झेपावली. तीही यंत्रणेला शत्रूचीच वाटली, म्हणून आणखी विमाने पाठवण्यात आली. अखेर ब्रिटिश स्पिटफायरनी आपलीच दोन हरिकेन विमाने पाडली. एका वैमानिकाचा मृत्यू झाला. आकाशात जर्मन विमान एकही नव्हते.

कोणीतरी येत आहे एवढेच रडार सांगत होते. कोण येत आहे, हे सांगत नव्हते. या घटनेनंतर ब्रिटिश विमानांत ओळख पटवणारे यंत्र बसवण्याच्या कामाला वेग आला. रडारची लहर आली की हे यंत्र स्वतःहून उत्तर देई. आजचा ट्रान्सपॉन्डर त्याचाच वारस आहे.

टीकॅस आजही का चुकते?

टीकॅस 1030 मेगाहर्ट्झवर आसपासच्या विमानांना विचारणा करते आणि 1090 मेगाहर्ट्झवर त्यांच्या ट्रान्सपॉन्डरचे उत्तर ऐकते. अंतर, उंची आणि वेग यांवरून टक्कर किती सेकंदांत होईल, याचा ती हिशेब मांडते. वैमानिकाच्या मनात काय आहे, हे मात्र तिला कळत नाही. समजा एक विमान वेगाने चढत आहे आणि दुसऱ्याच्या 1000 फूट खाली थांबणार आहे. ते थांबणार हे ठाऊक नसल्याने यंत्रणा ओरडते. म्हणूनच ठरलेल्या उंचीच्या आधीच्या शेवटच्या 1000 फुटांत चढण्याचा वेग मिनिटाला 1500 फुटांपेक्षा कमी ठेवावा, असे वैमानिकांना सांगितले जाते.

मग इशारा दुर्लक्षित करावा का?

नाही. इशारा खरा की खोटा, हे त्या काही सेकंदांत वैमानिकाला तपासता येत नाही. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन विमानांची टक्कर होऊन 349 जण ठार झाले. त्यानंतर भारतात ही यंत्रणा सक्तीची झाली. 1 जुलै 2002 रोजी जर्मनीतील युबरलिंगेनजवळ टीकॅसने चढायला सांगितले असताना एक विमान नियंत्रकाच्या सूचनेनुसार खाली उतरत राहिले. 71 बळी गेले. आता नियंत्रकाची सूचना वेगळी असली, तरी टीकॅसचाच आदेश पाळायचा, असा नियम आहे.

मराठवाड्याशी संबंध काय?

वॉटसन-वॅट यांना 1942 मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. पुढे कॅनडात गाडीचा वेग जास्त असल्याचे पोलिसांच्या रडारने पकडले आणि त्यांनाच दंड भरावा लागला. 5 डिसेंबर 1973 रोजी इन्व्हरनेस येथे त्यांचे निधन झाले.

विजेच्या रेडिओ लहरींवरून वादळ शोधण्याचे त्यांचे सुरुवातीचे काम आता शेतकऱ्यांच्या मोबाइलपर्यंत आले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप संवेदकांच्या जाळ्यातून विजेचे ठिकाण शोधते आणि 20 ते 40 किलोमीटर परिसरात इशारा देते. नांदेड, लातूरमध्ये मळभ दाटल्यावर इशारा येतो आणि वीज दुसऱ्याच शिवारात पडते, असेही होते. त्यामुळे पुढचा इशारा खोटाच असेल असे समजू नये. झाडाखाली न थांबता पक्क्या घरात गेल्यास फार तर अर्ध्या तासाचे काम खोळंबते. वैमानिकही याच हिशेबाने आदेश आधी पाळतात आणि तो खरा होता की खोटा, याची चौकशी विमान उतरल्यावर होते.