रबरापायी कर्जबाजारी

गेल्या वर्षीपर्यंत ‘गुडइयर’ म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर फक्त टायर यायचा. तो एका माणसाचं आडनाव आहे आणि त्या माणसाने आयुष्यात एकही गाडीचा टायर विकला नाही, हे मला कळलं ते एका ग्रोमेटमुळे.

ग्रोमेट म्हणजे पॅनेलच्या पत्र्यात भोक पाडून केबल आत घेतो ना, त्या भोकात बसवायचं रबराचं कडं. बाहेरून खाच असते, त्यात पत्रा अडकतो. आमच्या प्रोजेक्टला, म्हणजे हायड्रॉलिक प्रेसच्या कंट्रोल पॅनेलला, आम्ही आधी ते बसवलंच नव्हतं. पंपाच्या हादऱ्याने पत्र्याच्या धारेवर केबल घासत राहिली आणि तिसऱ्या आठवड्यात एमसीबी पडला. उघडून बघतो तर तांबं दिसत होतं. अर्थिंग होतं म्हणून हे पान लिहायला मी शिल्लक आहे. मग बाजारातून काळी ग्रोमेट आणली. खालच्या बाजूला तेल ठिबकायचं. टर्म संपेपर्यंत तिथली ग्रोमेट फुगली, लिबलिबीत झाली आणि खाचेतून निसटली. वर्कशॉपच्या काकांनी त्यातलं एक चिमटीत दाबलं आणि रबर कुठल्या जातीचं आणलंत एवढंच विचारलं. रबराला जात असते हेच आम्हाला माहीत नव्हतं. लायब्ररीत शोधायला गेलो आणि चार्ल्स गुडइयर सापडला.

त्याचा जन्म २९ डिसेंबर १८०० चा, अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन गावचा. वडिलांचा धंदा बटणं आणि लोखंडी सामानाचा. चार्ल्सने फिलाडेल्फियात दुकान थाटलं, ते १८३० च्या सुमारास बुडालं. त्या काळी कर्ज फेडता आलं नाही तर सरळ तुरुंगात टाकत. ही वारी त्याला पुढे अनेकदा घडली.

१८३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रबर कंपनीच्या दुकानात तो हवा भरायच्या जीवरक्षक पट्ट्यासाठी सुधारलेला व्हॉल्व्ह घेऊन गेला. तिथे कळलं की कंपनीच बुडीत निघाली आहे. कारण काय, तर उन्हाळ्यात माल वितळून चिकट लगदा होतो आणि थंडीत लाकडासारखा कडक. त्या दिवसापासून या गृहस्थाला रबराने झपाटलं. केमिस्ट्री शिकलेला नव्हता, पैसा नव्हता. तुरुंगात असतानाही बायकोचं लाटणं मागवून रबर मळत बसायचा. मॅग्नेशिया घालून पाहिलं, चुना घालून पाहिलं. नायट्रिक ॲसिडने पृष्ठभागाचा चिकटपणा गेला, तेव्हा त्याला वाटलं जमलं. त्या भरवशावर त्याने सरकारी टपालखात्याच्या १५० थैल्यांची ऑर्डर घेतली. थैल्या दिसायला झकास होत्या. गरम हवेत काही दिवस टांगून ठेवल्या आणि त्या स्वतःच्याच वजनाने ओघळल्या. ॲसिडचा परिणाम फक्त वरच्या कातडीवर झाला होता, आत जुनंच रबर होतं. (आम्हीही दुकानात ग्रोमेट बोटाने दाबून, चकाकी बघूनच घेतली होती.)

नाथानिएल हेवर्ड नावाचा कारागीर रबरात गंधक घालून उन्हात वाळवायचा. गुडइयरने त्याच्याकडून ते पेटंट विकत घेतलं. आणि १८३९ च्या हिवाळ्यात, मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी, गंधक मिसळलेला तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. वितळायच्या ऐवजी तो कातड्यासारखा झाला. पुस्तकांत याला ‘अपघात’ म्हणतात, मला ते पटत नाही. पाच वर्षं रोज रबर वितळताना पाहिलेल्या माणसालाच न वितळलेला तुकडा दिसतो. आज आपण पॉलिमरच्या तासाला शिकतो की रबराच्या लांबलचक साखळ्या उष्णतेने एकमेकींवरून घसरतात आणि गंधक त्यांच्यामध्ये पूल बांधतो. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. किती गंधक, किती उष्णता, किती वेळ, हे ठरवण्यात आणखी पाच वर्षं गेली. पेटंट मिळालं १५ जून १८४४ ला.

या काळात घरचं काय झालं ते वाचून मात्र मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. घरातलं सामान गहाण पडलं, मुलांची शाळेची पुस्तकंसुद्धा विकली गेली. बारापैकी सहा मुलं लहानपणीच दगावली. सगळं रबरामुळे झालं असं म्हणता येणार नाही, त्या काळी मुलं जातच. पण घरात खायला नसताना हा शेगडीपाशी रबर शिजवतोय हे चित्र काही डोक्यातून जात नाही. त्याला थोर म्हणावं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. क्लॅरिसा, त्याची बायको, तिच्याबद्दल कुणी पान लिहीत नाही.

पुढे नाव झालं, पैसा नाही. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकने त्याचे नमुने पाहून आधीच, १८४३ मध्ये, अर्ज केला होता. तिथलं पेटंट त्यालाच मिळालं. अमेरिकेत १८५२ चा मोठा खटला गुडइयर जिंकला, वकील होते डॅनियल वेबस्टर. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने रबराच्या वस्तूंनी दालन भरवलं, पण कर्जापायी तिथेही तुरुंगात गेला. फ्रान्सचा ‘लीजन ऑफ ऑनर’ त्याच्या हाती पडला तो त्या कोठडीत. १ जुलै १८६० ला न्यूयॉर्कमध्ये तो वारला. आजारी मुलीला भेटायला निघाला होता. मागे सुमारे दोन लाख डॉलरचं देणं. टायर कंपनी १८९८ मध्ये दुसऱ्याच लोकांनी काढली, नाव तेवढं आदराने याचं ठेवलं.

आता आमच्या पॅनेलकडे येतो. या वेळी कागदावर आधी लिहिलं : पत्र्याची जाडी म्हणजे खाचेची रुंदी, भोकाचा व्यास म्हणजे खाचेच्या तळाचा व्यास, केबलच्या बाहेरच्या व्यासाहून आतलं भोक जरासं कमी. शिवाय तिथे तेल आहे की ऊन की उष्णता? तेलाच्या बाजूला नायट्राइल, हीटरजवळ सिलिकॉन (ते उष्णता सोसतं पण धारेवर लवकर फाटतं, म्हणून भोकाची धार कानस मारून घ्यावी लागली). उघड्यावर ठेवायचं असतं तर ईपीडीएम घेतलं असतं, पण त्याला तेल चालत नाही. तीन केबल एका भोकातून नेणारं खास ग्रोमेट हवं होतं. त्याचा साचा बनवायचा खर्च ऐकून आमचे डोळे पांढरे झाले, नगच बारा हवे होते. शेवटी भोकंच वेगळी पाडून तयार मापाची बसवली.

तेल अजून ठिबकतंय. दर शनिवारी मी खालचं ग्रोमेट दाबून बघतो.