हॅटी मॅकडॅनियल : ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार



सिनेमाच्या पडद्यावर कोण दिसतं हे आपण सगळेच पाहतो. पण कोणाला कोणती भूमिका मिळते आणि सेटबाहेर त्याला कुठे बसवलं जातं, हे कोणी फारसं विचारत नाही. मुलांशी यावर बोलायचं असेल तर हॅटी मॅकडॅनियल यांची गोष्ट जरूर सांगा.

हॅटी यांचा जन्म १८९३ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, विचिटा गावी झाला. आईवडील दोघंही गुलामगिरीत जन्मलेले. वडील यादवी युद्धात गुलामगिरीविरुद्धच्या बाजूने सैनिक म्हणून लढले होते. तेरा भावंडांत हॅटी सगळ्यात धाकट्या. पुढे कुटुंब डेन्व्हरला आलं. तिथल्या शाळेत कृष्णवर्णीय मुलं मोजकीच होती. १९१० मध्ये सादरीकरणाच्या एका स्पर्धेत हॅटी यांना पदक मिळालं, आणि मग शाळा सोडून त्या गाण्यानाटकाकडे वळल्या.

१९२९ ला शेअर बाजार कोसळला आणि दौऱ्यावरच्या कलाकारांचं काम गेलं. मिलवॉकीच्या एका क्लबमध्ये हॅटी यांना नोकरी मिळाली ती स्वच्छतागृह सांभाळण्याची! रंगमंचावर गोरेच कलाकार असत. तरी एके दिवशी त्यांना गायची संधी मिळाली आणि मग त्या तिथे नियमित गाऊ लागल्या. १९३१ मध्ये त्या लॉस एंजेलिसला गेल्या. रेडिओवर कार्यक्रम करायच्या, पण मानधन इतकं थोडं की पोटासाठी लोकांच्या घरी कामही करावं लागे.

सिनेमात भूमिका मिळू लागल्या, पण कोणत्या? मोलकरणीच्या. एक नाही, दोन नाही, बहुतेक सगळ्याच! १९३९ च्या 'गॉन विथ द विंड' मध्येही त्या मॅमी नावाच्या गुलाम दाई होत्या. भूमिका तीच, पण त्यांनी त्या मॅमीत असा काही रुबाब भरला की मालकीणबाईंपेक्षा तिचाच धाक वाटावा.

आता जरा आपल्या स्नेहसंमेलनाकडे वळू. नाटुकल्यात परी कोणाला आणि मोलकरीण कोणाला करायचं, हे आपण आवाज ऐकून ठरवतो की रंग बघून? सावळ्या मुलीच्या वाट्याला दरवर्षी राक्षसीणच येत असेल, तर तिला ते कळत नाही असं समजू नका हं.

त्या चित्रपटाचा पहिला खेळ अटलांटात झाला, पण जॉर्जियातल्या वर्णभेदामुळे हॅटी यांना तिथे जाता आलं नाही. सहकलाकार क्लार्क गेबल चिडून बहिष्कार घालायला निघाले होते, त्यांना हॅटी यांनीच जायला लावलं. मग २९ फेब्रुवारी १९४० ला ऑस्करचा समारंभ आला. तो ज्या अँबॅसेडर हॉटेलात होता तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. निर्मात्याने खास परवानगी मिळवली, तरी त्यांची जागा बाकीच्या कलाकारांपासून दूर, भिंतीकडेच्या छोट्या टेबलावर. नाव पुकारल्यावर तिथून उठून त्या सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार घ्यायला गेल्या.

बरं, यानंतर भूमिका बदलल्या का? नाही! उलट आपल्याच समाजातली काही मंडळी नाराज झाली. अशा भूमिकांमुळे कृष्णवर्णीयांची चुकीची प्रतिमा पसरते, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते त्या टीकेत तथ्य होतं, कारण त्या चित्रपटात गुलामगिरी खरोखरच गोड करून दाखवली आहे. पण भूमिका लिहिणारे आणि वाटणारे सगळे गोरे, आणि जाब मात्र हॅटी यांना! हे काही पटत नाही.

पडद्यावर मोलकरीण असलेल्या या बाई प्रत्यक्षात भलत्याच खंबीर होत्या. लॉस एंजेलिसच्या शुगर हिल भागात त्यांनी घर घेतलं, तेव्हा कृष्णवर्णीयांनी इथे राहू नये म्हणून काही गोरे शेजारी कोर्टात गेले. हॅटी इतर रहिवाशांसोबत लढल्या आणि १९४५ मध्ये जिंकल्या. १९४७ पासून रेडिओवरच्या 'ब्यूला' मालिकेत त्या मुख्य भूमिकेत होत्या. भूमिका पुन्हा मोलकरणीचीच.

२६ ऑक्टोबर १९५२ ला कर्करोगाने त्यांचं निधन झालं. हॉलिवूडच्या दफनभूमीत आपल्याला पुरावं ही त्यांची इच्छा होती, पण तिथे फक्त गोऱ्यांनाच जागा मिळे, म्हणून त्यांना रोझडेलला पुरलं. दुसऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला, व्हूपी गोल्डबर्ग यांना, ऑस्कर मिळायला १९९१ साल उजाडलं.

आणि हॅटी यांचं ऑस्कर? तेव्हा सहाय्यक भूमिकांना बाहुलीऐवजी छोटी पट्टिका देत. ती त्यांनी हॉवर्ड विद्यापीठाला ठेवली होती, पण तिथून ती हरवली. २०२३ मध्ये ऑस्करच्या अकादमीने विद्यापीठाला तशीच नवी पट्टिका करून दिली.