बिदागी आणि मान

सुरत म्हटले की मराठी मनापुढे प्रथम उभी राहते ती १६६४ सालची सुरत. तापीकाठची ती श्रीमंत पेठ शिवाजी महाराजांनी लुटली, हे आपल्याकडे शाळकरी पोरासही ठाऊक असते. परंतु ती पेठ एवढी श्रीमंत कशाने झाली होती, याचा विचार आपण क्वचितच करतो. इंग्रजांचे हेक्टर नावाचे जहाज १६०८ साली तेथे येऊन थडकले, ते काही तापीकाठची हवा खाण्यासाठी नव्हे. विणकराच्या बोटांतील कसबाला आणि जहाज बांधणाऱ्या सुताराच्या हातातील कौशल्याला त्या बंदरात रोख किंमत होती, आणि ती किंमत मागण्यात कोणास कमीपणा वाटत नसे. अशा गावात जन्मलेला खेळाडू आपल्या कसबाच्या बळावर देशोदेशी फिरला, यात आम्हांस नवल वाटत नाही. रुसी सुरती यांचा जन्म २५ मे १९३६ रोजी सुरतेचा. गुजरात आणि राजस्थान या संघांतून खेळून ते १९६८ नंतर थेट ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या संघात गेले. भारतातर्फे ते २६ कसोटी सामने खेळले. १९६८ साली ऑकलंड येथे त्यांचे कसोटी शतक अवघ्या एका धावेने हुकले. जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

मात्र सुरतींच्या आधी ही भटकंतीची वाट ज्यांनी मळवली, आणि राजस्थानच्या संघात ज्यांच्या सोबतीने सुरतीही खेळले, त्या विनू मांकड यांच्याविषयी आज आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत. २१ ऑगस्ट १९७८ रोजी मांकड गेले. त्याला आता साडेचार दशकांहून अधिक काळ लोटला. त्यांचे नाव अजूनही लोकांच्या तोंडी आहे. पण ते बव्हंशी एका धावचीत करण्याच्या रीतीमुळे. एका थोर कसबी माणसाच्या वाट्याला याहून उपरोधिक कीर्ती क्वचितच आली असेल.

मुळवंतराय हिंमतलाल मांकड यांचा जन्म १२ एप्रिल १९१७ रोजी जामनगर येथे झाला. रणजितसिंहांच्या या नवानगर संस्थानात क्रिकेट हा राजाश्रयाने वाढलेला खेळ होता. तेथे ससेक्सचे बर्ट वेन्सली हे इंग्रज व्यावसायिक खेळाडू प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी या मुलाच्या डाव्या हातातील गोलंदाजीला संथ फिरकीचे शिस्तशीर वळण दिले. फलंदाजी मात्र मांकड उजव्या हाताने करीत, आणि तिच्या जडणघडणीस दुलीपसिंहांचे मार्गदर्शन लाभले. १९३६-३७ च्या हंगामात नवानगरने रणजी करंडक जिंकला, तेव्हा वेन्सली आणि मांकड हे गुरु-शिष्य एकाच संघात होते. पगार घेऊन विद्या देणाऱ्या गुरूच्या हाताखाली मांकड घडले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे सर्व आयुष्यभर मांकडांनी हाच धर्म पाळला.

१९३७-३८ मध्ये लॉर्ड टेनिसन यांचा संघ भारतात आला. विशीतल्या मांकडांनी त्या अनधिकृत कसोटी सामन्यांत फलंदाजी आणि गोलंदाजी या दोन्ही अंगांनी असा खेळ केला की ते कोणत्याही देशाच्या संघात सहज बसले असते. परंतु तेवढ्यात महायुद्ध पेटले. खेळाडूच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे त्यात वाहून गेली आणि पहिला अधिकृत कसोटी सामना खेळावयास मांकडांना १९४६ चा जून उजाडावा लागला. तेव्हा त्यांनी एकोणतिशी गाठली होती. त्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी १,१२० धावा केल्या आणि १२९ बळी घेतले. गेलेल्या वर्षांचा हिशेब त्यांनी एका उन्हाळ्यात चुकता केला, असेच म्हणावे लागेल.

देशांतर्गत क्रिकेटमध्ये मांकड किती संघांतून खेळले? पश्चिम भारत, नवानगर, महाराष्ट्र, गुजरात, बंगाल, मुंबई आणि राजस्थान, असे सात. ज्या गुजरातच्या संघात सुरत जिल्हा मोडतो त्या संघाचीही टोपी त्यांनी घातली. शिवाय इंग्लंडमधील लँकशायरच्या लीग सामन्यांत ते व्यावसायिक म्हणून खेळत. त्या काळी अनेकांच्या भुवया यामुळे उंचावत. खेळ हा हौसेचा विषय. जो पैसा घेतो त्याची निष्ठा कोठे असणार, असा प्रतिष्ठितांचा सूर असे. आम्हांस हा सूर कधीच मान्य नव्हता. आमच्या सिंधुदुर्गात आणि पेडण्यात जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहतो. तो कलावंत आज या देवळापुढे, उद्या त्या देवळापुढे खेळ करतो आणि पहाटे बिदागी घेऊन पुढच्या गावाची वाट धरतो. बिदागी घेतली म्हणून त्याच्या भक्तीविषयी कोणी शंका काढीत नाही. गरज पडेल त्या रात्री तो राजा होतो, राक्षस होतो आणि साडी नेसून राणीही होतो. मांकडांची जातकुळी हीच. कसोटी क्रिकेटमध्ये त्यांनी पहिल्या क्रमांकापासून अकराव्या क्रमांकापर्यंत प्रत्येक जागी फलंदाजी केली. क्रिकेटच्या साऱ्या इतिहासात असे करणारे फलंदाज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

१९४७-४८ मध्ये लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र भारताचा पहिला संघ ऑस्ट्रेलियास गेला. मेलबर्न येथे मांकडांनी या दौऱ्यात ११६ आणि १११ अशी दोन कसोटी शतके झळकावली. परंतु जगाने लक्षात ठेवली ती सिडनीची धावचीत. डिसेंबर १९४७ मधील दुसऱ्या कसोटी सामन्यात गोलंदाजाच्या बाजूचा फलंदाज बिल ब्राउन चेंडू पडण्यापूर्वीच रेषा सोडून पुढे सरकला आणि मांकडांनी चेंडू न टाकता यष्टी पाडली. त्यापूर्वी महिनाभर आधी एका दौरा-सामन्यात याच ब्राउनला त्यांनी ताकीद दिली होती आणि ती न ऐकल्यावर असेच बादही केले होते. कृती नियमात बसत होती. प्रतिपक्षाचे कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनीही पुढे आपल्या आत्मवृत्तात मांकडांची बाजू घेतली. तरीही ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांतून या कृतीस मांकडांचे नाव चिकटले आणि हळूहळू त्या नावाला लबाडीचा वास येऊ लागला. फुकटची धाव चोरू पाहणारा निर्दोष ठरला आणि चोरी पकडणाऱ्याचे नाव बदनाम झाले. हा न्याय उफराटा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने इंग्लंडचा एक डाव आणि ८ धावांनी पराभव केला. भारताचा हा पहिलावहिला कसोटी विजय. त्या सामन्यात मांकडांनी पहिल्या डावात ५५ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत ४ बळी घेतले. असा माणूस काही महिन्यांनी इंग्लंडला जाणाऱ्या भारतीय संघात असणार, हे कोणीही गृहीत धरील. पण झाले वेगळेच. लँकशायरमधील हॅसलिंग्डन क्लबने मांकडांस त्या हंगामासाठी बोलाविले होते. मांकडांनी आपल्या नियामक मंडळाकडे एवढेच मागितले की दौऱ्यावर आपली निवड निश्चित होणार असेल तर तसे आधी सांगावे. मंडळाने तसे आश्वासन देण्यास नकार दिला. घरसंसार असलेल्या माणसाने हातचा रोजगार सोडून अनिश्चित कृपेची वाट पाहत बसावे काय? मांकडांनी हॅसलिंग्डनशी करार केला.

त्याचे फळ लीड्स येथे पदरात पडले. दुसऱ्या डावात भारताची धावसंख्या शून्य असताना चार गडी बाद झाले होते. मग मंडळास मांकडांची आठवण झाली, हॅसलिंग्डनकडे शब्द टाकावा लागला आणि क्लबने त्यांना मोकळे केले. लॉर्ड्सच्या मैदानावर मांकड सलामीस उतरले आणि त्यांनी ७२ धावा काढल्या. मग इंग्लंडच्या डावात त्यांनी ७३ षटके टाकून १९६ धावांत ५ बळी घेतले. लगेच दुसऱ्या डावात पुन्हा सलामीस जाऊन त्यांनी १८४ धावा केल्या, आणि इंग्लंडच्या दुसऱ्या डावात आणखी २४ षटके टाकली. सामना भारताने ८ गडी राखून गमावला. तरीही आजवर तो सामना मांकडांचा सामना म्हणूनच ओळखला जातो. ज्याच्या निष्ठेविषयी शंका घेतली गेली, त्याने निष्ठेचे उत्तर ९७ षटके आणि २५६ धावा अशा रोख नाण्यात दिले. मानापमानाचा हिशेब मैदानाबाहेर ठेवावा, ही शिकवण त्यांनी एका शब्दाचाही उपदेश न करता दिली.

त्याच वर्षी त्यांनी कसोटी क्रिकेटमध्ये १,००० धावा आणि १०० बळी हा टप्पा आपल्या अवघ्या तेविसाव्या सामन्यात ओलांडला. हा विक्रम १९७९ मध्ये इयान बोथम यांनी मोडीपर्यंत टिकला. १९५४-५५ मध्ये पाकिस्तानच्या भूमीवर गेलेल्या पहिल्या भारतीय संघाचे नेतृत्व मांकडांकडे होते. त्या मालिकेतील पाचही सामने अनिर्णित राहिले. जानेवारी १९५६ मध्ये मद्रासलाच न्यूझीलंडविरुद्ध पंकज रॉय यांच्या साथीने त्यांनी ४१३ धावांची सलामी दिली. त्यांतील २३१ धावा मांकडांच्या होत्या. ही भागीदारी मोडण्यास जगाला २००८ पर्यंत, म्हणजे बावन्न वर्षे थांबावे लागले. ४४ कसोटी सामन्यांत २,१०९ धावा आणि १६२ बळी, हा त्यांच्या कसोटी कारकीर्दीचा एकूण जमाखर्च. १९७३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाल्यानंतरही मांकड मैदानापासून दूर गेले नाहीत. १९६१-६२ पर्यंत ते राजस्थानकडून खेळत राहिले आणि पुढे प्रशिक्षक झाले. सलीम दुराणी यांच्यासारख्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या घडणीत त्यांचा हात होता. वेन्सलीने जामनगरात जे त्यांना दिले, ते त्यांनी पुढच्या पिढीच्या ओंजळीत घातले. अशोक, अतुल आणि राहुल हे त्यांचे तिन्ही पुत्र प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळले. थोरले अशोक २२ कसोटी सामने खेळले, मुंबईचे यशस्वी कर्णधार झाले आणि पित्याप्रमाणेच पुढे प्रशिक्षक झाले. आज एकोणीस वर्षांखालील मुलांची जी देशव्यापी एकदिवसीय स्पर्धा होते, तिला विनू मांकड यांचेच नाव आहे. कोवळ्या वयाच्या मुलांच्या स्पर्धेस एका फिरस्त्या गुरूचे नाव असावे, हे सर्वथा उचित आहे.

न्यायही अखेर झाला, जरी तो पाहण्यास ते हयात नव्हते. जून २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्यांचा आपल्या मानकऱ्यांच्या मालिकेत समावेश केला. १ ऑक्टोबर २०२२ पासून क्रिकेटच्या नियमावलीत, रेषा सोडणाऱ्या फलंदाजास गोलंदाजाने बाद करण्याची ती रीत अनुचित खेळाच्या प्रकरणातून काढून धावचीतच्या साध्या नियमात घालण्यात आली. एका माणसाच्या नावावरील डाग पुसण्यास पाऊणशे वर्षे लागली. आता तरी समालोचकांनी आणि आमच्या व्यवसायबंधूंनी त्या कृतीस मांकडांचे नाव देणे सोडावे. धावचीत हा शब्द पुरेसा आहे.

परंतु आमच्या मते मांकडांच्या चरित्राचा खरा धडा याहून घराजवळचा आहे. आज खेळाडूंचे जाहीर लिलाव होतात, कोट्यवधींचे आकडे वाचून आपण तोंडात बोट घालतो, आणि पैसा घेऊन खेळणे ही आता कोणास लाजेची बाब वाटत नाही. हा पालट इष्टच आहे. मात्र तो शिखरावरच्या मूठभरांपुरता आहे. सुरतेच्या असो, रत्नागिरीच्या असो वा मडगावच्या मैदानावर असो, पहाटे मुलांना गोळा करून क्रिकेट, फुटबॉल वा कबड्डी शिकविणारा एके काळचा नावाजलेला खेळाडू आजही तुटपुंज्या मानधनावर आणि तोंडी आश्वासनांवर राबतो. पुढच्या वर्षी आपले काम राहील की नाही, हे त्याने विचारले तर त्याला उद्धट ठरविले जाते. १९५२ साली मांकडांनी विचारलेला प्रश्न नेमका हाच होता, आणि त्याचे सरळ उत्तर न देण्याची किंमत देशाने लीड्सला मोजली.

म्हणून क्रीडासंस्थांचे चालक, नगरपालिका आणि पालक या सर्वांस आमचे सांगणे एवढेच की, ज्याच्या हातून विद्या घ्यावयाची त्यास शब्द द्यावा, तो लेखी द्यावा आणि त्याच्या बिदागीसाठी त्यास कोणाच्या दारी खेटे घालावयास लावू नये. बिदागी वेळेवर पोचली तर मान आपोआप पोचतो. जी बिदागी विनवण्या करून मिळते, तिच्यात मान उरत नाही. तापीकाठच्या जुन्या पेठेस हे व्यवहारज्ञान चारशे वर्षांपूर्वी होते. आपण ते आता तरी अंगी बाणवावे.