महाभारताचा पाठ लावणारे सुखठणकर

महाभारताची पोथी एक नाही. काश्मीरची शारदा लिपीतली निराळी, बंगालची निराळी, मलबारची निराळी. कुठे श्लोक अधिक, कुठे अध्यायच अधिक. या साऱ्या जमवून जुन्यात जुना पाठ कोणता ते ठरवायचे, असा संकल्प पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने केला, आणि १९१९ साली रामकृष्णपंत भांडारकरांच्या हस्ते कामास आरंभ झाला. औंधच्या राजेसाहेबांनी द्रव्यबळ दिले. तरी गाडा म्हणावा तसा चालेना. १९२५ साली तो डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांच्या हाती आला.

यांचा जन्म १८८७ चा. केंब्रिजला गणित शिकले, पुढे बर्लिनला ल्यूडर्स पंडितांपाशी संस्कृत. गणिती माणसाचे पोथ्यांत काय काम, असे कुणी म्हणेल. आमच्या मते तेच कामी आले. त्यांच्या हाताखाली चौकटी आखलेले कागद असत. वर श्लोकाची ओळ, घराघरातून एकेक अक्षर. खाली प्रत्येक पोथीतला फरक नेमका त्या अक्षराखाली. कोणी शास्त्री ग्रंथ लिपी वाचणारा, कोणी नेवारी, कोणी मल्याळम. एकाने ताडलेले दुसऱ्याने तपासायचे. तंजावर आणि शांतिनिकेतन येथेही पोथ्या ताडल्या जात. एकट्या आदिपर्वाला ६० पोथ्या लागल्या! आदि आणि आरण्यक ही पर्वे त्यांनी स्वतःकडे ठेविली. विराट रघुवीरांकडे, उद्योग सुशीलकुमार डे यांच्याकडे, सभापर्व अमेरिकेच्या एजर्टन साहेबांकडे.

आदिपर्व १९३३ साली पुरे झाले, आणि आम्हां कीर्तनकारांच्या काळजाला हात घालणारी गोष्ट घडली. गणपती व्यासांचा लेखक झाला ही कथा मूळ पाठातून निघून परिशिष्टात गेली. पुढे १९४४ च्या सभापर्वात द्रौपदीने कृष्णाचा केलेला धावाही पाठातून खाली उतरला. वाईट वाटले, ते कशाला लपवावे? ज्या कथेवर श्रोत्यांचे डोळे भरून येतात ती मागाहूनची, हे ऐकणे सोपे नाही. पण या मंडळींनी एक अक्षर टाकून दिले नाही, हेही पाहिले पाहिजे. जे पाठात नाही ते पानाच्या तळाशी वा परिशिष्टात, कोणकोणत्या पोथ्यांत आहे त्या खुणेसह. जिथे संपादकाची स्वतःचीच खात्री नाही, तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ. म्हणजे यांच्याशी भांडायचे तर भांडणाचे साहित्यही यांनीच पुरविले. आम्ही तो धावा आजही कीर्तनात सांगतो, आणि तो कोणत्या पोथ्यांत आहे तेही सांगतो.

मागाहून नेपाळच्या राजगुरू हेमराजांकडून आदिपर्वाची फार जुनी पोथी आली. सुखठणकरांनी तर्काने लाविलेले पुष्कळ पाठ तिने खरे ठरविले.

मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर त्यांची व्याख्याने चालू होती. चौथे व्हायच्या आत, २१ जानेवारी १९४३ रोजी ते वारले. वय अवघे ५५. रामकृष्णपंत तर १९२५ सालीच गेले होते. पुढे बेलवलकरांनी आणि मग प. ल. वैद्यांनी धुरा वाहिली, आणि १९६६ साली अठरा पर्वे संपली. तोवर १,२५९ पोथ्या ताडून झाल्या होत्या.